कालसंकेताचा समतोल : ड्यूटी सायकल सुधारणाऱ्या विवर्धक-मंडलांची रचना

१. प्रास्ताविक

अंकीय यंत्रातील प्रत्येक क्रिया एका कालसंकेताच्या ठेक्यावर चालते. व्यवहारात ज्याला ‘क्लॉक’ म्हणतात तो हा संकेत म्हणजे दोन पातळ्यांमध्ये अखंड वरखाली होणारा विद्युद्दाब होय. तो काही काळ उच्च पातळीवर राहतो, नंतर नीच पातळीवर उतरतो आणि पुन्हा वर चढतो. एका चढत्या कडेपासून पुढील चढत्या कडेपर्यंतचा जो काळ तो आवर्तकाल. या आवर्तकालापैकी जेवढा काळ संकेत उच्च पातळीवर असतो त्यास उच्चकाळ व उरलेल्यास नीचकाळ म्हणता येईल. उच्चकाळाचे आवर्तकालाशी असलेले प्रमाण टक्क्यांत मांडले म्हणजे जी राशी मिळते तिला ‘ड्यूटी सायकल’ असे नाव आहे. दोन्ही काळ समान असले, की ती बरोबर ५० टक्के भरते.

हा समतोल टिकविणे सोपे नाही. संकेत जेथे निर्माण होतो तेथे तो समतोल असला, तरी जेथे त्याचा उपयोग व्हावयाचा तेथवर पोहोचेपर्यंत त्याचे रूप पालटते. हे पालटलेले रूप पूर्ववत करण्यासाठी जी विवर्धक-मंडले योजतात, त्यांचे तत्त्व कोणते, त्यांची रचना कोणत्या हिशोबाने करतात आणि त्यांच्या अचूकतेची मर्यादा कशाने ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. समतोलाची गरज

यंत्रातील सर्व क्रिया केवळ चढत्या कडेवर घडत, तोपर्यंत ड्यूटी सायकलच्या थोड्याफार विचलनाने फारसे बिघडत नसे. दोन चढत्या कडांमधील अंतर आवर्तकालाइतकेच राहते. मधली उतरती कड थोडी अलीकडे आली काय किंवा पलीकडे गेली काय, त्या अंतरात फरक पडत नाही. पुढे दोन्ही कडांवर काम करून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि आजवर उपेक्षित राहिलेल्या या उतरत्या कडेस महत्त्व आले.

संगणकाच्या स्मृतीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इलेक्ट्रॉनिक घटकांची मानके ठरविणाऱ्या ‘जेडेक’ या संस्थेने २००० साली ‘डीडीआर’ स्मृतीचे मानक प्रसिद्ध केले. या स्मृतीत कालसंकेताच्या प्रत्येक आवर्तात दोन वेळा, म्हणजे चढत्या कडेवर एकदा व उतरत्या कडेवर एकदा, माहितीची देवघेव होते. त्यामुळे कंप्रता न वाढविता माहितीचा वेग दुप्पट होतो. याच मालिकेतील डीडीआर-५ या स्मृतीचे मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. तिच्या प्रत्येक तारेवरून सेकंदास ६४० कोटी अंक वाहून न्यावयाचे असतील, तर कालसंकेताची कंप्रता ३२०० मेगाहर्ट्झ ठेवावी लागते. त्याचा आवर्तकाल ३१२.५ पिकोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांशाच्याही एक-तृतीयांशाहून कमी होय. प्रत्येक अंकाच्या वाट्याला त्याचा अर्धा, म्हणजे १५६.२५ पिकोसेकंद, काळ येतो.

आता ड्यूटी सायकल ५० टक्क्यांऐवजी ४५ टक्के झाली असे समजू. उच्चकाळ १४०.६ पिकोसेकंद व नीचकाळ १७१.९ पिकोसेकंद होईल. एका अंकास १५.६ पिकोसेकंद कमी मिळाले व दुसऱ्यास तेवढेच अधिक मिळाले. परंतु या अधिक काळाचा उपयोग काहीच नाही. साखळीचे बळ जसे तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवर ठरते, तसा यंत्राचा वेग सर्वांत अरुंद अवधीवर ठरतो. ड्यूटी सायकलमधील ५ टक्के विचलन हे अशा रीतीने अंकाच्या अवधीतील १० टक्के नुकसान होऊन बसते. हे नुकसान टाळावयाचे तर यंत्र मंद चालवावे लागते, अथवा चुकीचा अंक वाचला जाण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणूनच मानकांतील मर्यादा क्रमाने आवळत गेल्या. पहिल्या डीडीआर स्मृतीत ४५ ते ५५ टक्के ड्यूटी सायकल ग्राह्य होती. २०१२ सालच्या डीडीआर-४ मानकात सरासरीची हीच मर्यादा ४८ ते ५२ टक्क्यांवर आली.

३. विचलनाची कारणे

कालसंकेताचा प्रवास विवर्धकांच्या साखळीतून होतो. चिपच्या एका टोकास निर्माण झालेला संकेत हजारो घटकांपर्यंत पोहोचविण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी त्यास बळ द्यावे लागते. हे काम बहुधा सीमॉस जातीचे इन्व्हर्टर करतात. १९६३ साली फ्रँक वॉनलास व सी. टी. सा यांनी जगापुढे मांडलेल्या या रचनेत दोन ट्रान्झिस्टर असतात. त्यांपैकी एक प्रदानाचा दाब वर खेचतो व दुसरा खाली खेचतो. वर खेचणाऱ्यात विद्युद्भार वाहण्याचे काम ‘होल’ करतात, तर खाली खेचणाऱ्यात इलेक्ट्रॉन करतात. सिलिकॉनमध्ये होलांची चलनशीलता इलेक्ट्रॉनांच्या सुमारे एक-तृतीयांश असते. ही उणीव भरून काढण्यासाठी वर खेचणारा ट्रान्झिस्टर दुप्पट-तिप्पट रुंद करतात. तरीही तापमान, पुरवठ्याचा दाब व निर्मितीतील फेरफार यांचा दोन्ही जातींवर सारखाच परिणाम होतो असे नाही. परिणामी चढत्या व उतरत्या कडांना लागणारा विलंब भिन्न होतो आणि दोहोंतील फरकाइतका उच्चकाळ बदलतो.

दोन अगदी समान इन्व्हर्टर एकापुढे एक जोडले, तर पहिल्यात चढणारी कड दुसऱ्यात उतरते; त्यामुळे दोघांचे दोष परस्परांना खोडून काढतात. तथापि ही समानता कागदावरची होय. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावरील भार वेगळा असतो आणि शेजारी-शेजारी घडविलेले दोन ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे निघत नाहीत. समजा, साखळीत १६ टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याने एकाच दिशेने १ पिकोसेकंदाचा दोष निर्माण केला, तर अखेरीस १६ पिकोसेकंदांचा दोष साचतो. दोष यादृच्छिक असून त्याचे प्रमाण-विचलन प्रत्येक टप्प्यास १ पिकोसेकंद असले, तर एकूण विचलन संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४ पिकोसेकंद होते.

याहून घातक प्रकार उच्च कंप्रतेस आढळतो. स्पंद अरुंद झाला, की विवर्धकाच्या प्रदानास पूर्ण उंची गाठण्यापूर्वीच परतावे लागते. अपुऱ्या उंचीचा हा स्पंद पुढील टप्प्यात अधिकच अरुंद होतो. अशा साखळीत दोष नुसता साचत नाही, तर तो गुणित होत जातो, आणि काही टप्प्यांनंतर स्पंद सर्वथा नाहीसा होऊ शकतो. शिवाय ट्रान्झिस्टरांना वयही असते. वीज वाचविण्यासाठी कालसंकेत दीर्घकाळ एकाच पातळीवर थांबवून ठेवला, तर साखळीतील काही ट्रान्झिस्टरांवर सतत ताण राहतो, काहींवर राहत नाही. महिनोन्‌महिने असे घडले, की त्यांचे गुणधर्म विषम रीतीने बदलतात. कारखान्यातून समतोल निघालेली साखळी पुढे असमतोल होते ती यामुळे. एकदाच जुळणी करून हा प्रश्न सुटत नाही. यंत्र चालू असतानाच दोष मोजून तो सुधारीत राहणे आवश्यक ठरते.

४. भागाकाराचा मार्ग

समतोल संकेत मिळविण्याचा एक जुना व सोपा मार्ग येथे नमूद केला पाहिजे. एकल्स व जॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१८ साली पेटंटासाठी सादर केलेल्या मंडलाचे रूप दोन स्थितींत आलटून पालटून स्थिर होणाऱ्या जोडीचे होते. याच मंडलाचे वंशज असलेले ‘फ्लिप-फ्लॉप’ प्रत्येक चढत्या कडेस आपली स्थिती पालटते. त्यास दुप्पट कंप्रतेचा संकेत दिला, तर त्याचे प्रदान एका आवर्तात उच्च व पुढील आवर्तात नीच राहते. आदानाच्या उतरत्या कडेचा येथे संबंधच येत नसल्यामुळे आदान कितीही असमतोल असले तरी प्रदान समतोल असते.

परंतु याची किंमत मोठी आहे. ३२०० मेगाहर्ट्झच्या संकेतासाठी ६४०० मेगाहर्ट्झचा संकेत निर्माण करावा लागतो व तेवढी अधिक शक्ती खर्ची पडते. त्याहूनही महत्त्वाची अडचण अशी, की फ्लिप-फ्लॉपनंतर पुन्हा वितरणाची साखळी येतेच, आणि समतोल संकेत तिच्यातून जाताना पुन्हा बिघडतो. उगमापाशी शुद्ध केलेले पाणी घाटापर्यंत शुद्धच राहील याची हमी नसते. यास्तव सुधारणा शेवटच्या टप्प्यावर करणे इष्ट ठरते, आणि तेथे विवर्धकाचे साहाय्य घ्यावे लागते.

५. काळाचे दाबात रूपांतर

तीन-चार पिकोसेकंदांचा फरक प्रत्यक्ष मोजणे दुर्घट होय. एवढ्या काळात निर्वातातून जाणारा प्रकाशही जेमतेम १ मिलिमीटर अंतर कापतो. सुदैवाने त्याची गरज पडत नाही, कारण आयताकार संकेताच्या सरासरी दाबातच ड्यूटी सायकलचे मोजमाप दडलेले असते. नीच पातळी शून्य व उच्च पातळी १.१ व्होल्ट असेल, तर ५० टक्के ड्यूटी सायकल असताना सरासरी दाब ०.५५ व्होल्ट येतो. ड्यूटी सायकल १ टक्क्याने वाढली, की सरासरी ११ मिलिव्होल्टनी वाढते. आवर्तकाल ३१२.५ पिकोसेकंद असताना १ टक्का म्हणजे ३.१२५ पिकोसेकंद, अर्थात तीन पिकोसेकंदांची चूक ११ मिलिव्होल्टच्या स्थिर दाबाच्या रूपाने समोर उभी राहते. स्थिर दाब मोजण्यास विवर्धक जलद असण्याची आवश्यकता नाही. अतिशय जलद घडणाऱ्या घटनेतील चूक सावकाश काम करणाऱ्या मंडलाने मोजावी, हे या पद्धतीचे मर्म आहे.

सरासरी काढण्यासाठी एक रोधक व एक धारित्र एवढी साधने पुरतात. धारित्र हे साठवणीच्या हौदासारखे काम करते. वरून येणारी धार थांबतथांबत आली, तरी हौदातील पाण्याची पातळी एकूण आवक-जावकीचा हिशोब दाखविते. ही पातळी कशाशी ताडून पाहावयाची, हा पुढला प्रश्न होय. पुरवठ्याच्या दाबाच्या निम्म्याशी ती ताडता येते. परंतु त्यासाठी तो निम्मा दाब अचूक निर्माण करावा लागतो. त्यापेक्षा मूळ संकेताबरोबर त्याचा उलटा, म्हणजे एक उच्च असता दुसरा नीच असलेला, संकेतही घ्यावा आणि दोहोंच्या सरासरींची तुलना करावी, हे अधिक चांगले. ड्यूटी सायकल ५० टक्के असता दोन्ही सरासरी समान होतात, मग पुरवठ्याचा दाब कितीही असो. शिवाय एकीची वाढ ही दुसरीची घट असल्यामुळे १ टक्का विचलनास २२ मिलिव्होल्टचा फरक मिळतो. तराजूच्या एका पारड्यात उच्चकाळ व दुसऱ्यात नीचकाळ घालून तोलण्यासारखाच हा प्रकार आहे.

६. सुधारक विवर्धक

मोजलेली चूक दूर कशी करावयाची? त्यासाठी कडांच्या उताराचा उपयोग केला जातो. कोणत्याही संकेताची कड पूर्णपणे उभी नसते. एका पातळीवरून दुसरीवर जाण्यास तिला काही काळ लागतो. विवर्धक ज्या दाबाशी संकेताची तुलना करून ‘उच्च’ की ‘नीच’ हे ठरवितो, त्यास उंबरठा-दाब म्हणता येईल. हा उंबरठा थोडा खाली आणला, तर चढती कड त्यास लवकर ओलांडते व उतरती कड उशिरा ओलांडते. दोन्ही बाजूंनी उच्चकाळ वाढतो. उंबरठा वर नेला, तर तो कमी होतो.

व्यवहारात हे काम भेद-विवर्धकाकडून करून घेतात. त्यात समान ट्रान्झिस्टरांची एक जोडी सामाईक प्रवाह आपसांत वाटून घेते आणि आदानातील फरकाप्रमाणे तो प्रवाह एका भार-रोधकाकडून दुसऱ्याकडे वळतो. त्याच भार-रोधकांना एक साहाय्यक जोडी जोडतात. चूक दर्शविणाऱ्या दाबाप्रमाणे ही जोडी एका रोधकातून थोडा अधिक व दुसऱ्यातून थोडा कमी प्रवाह काढते. त्यामुळे दोन्ही प्रदानांच्या पातळ्यांत एक स्थिर अंतर पडते, म्हणजेच उंबरठा सरकतो.

येथे उताराची निवड निर्णायक ठरते. समजा, कड दर पिकोसेकंदास २० मिलिव्होल्ट या उताराने चढते, म्हणजे १.१ व्होल्ट चढण्यास तिला ५५ पिकोसेकंद लागतात. उंबरठा १०० मिलिव्होल्टनी सरकविल्यास प्रत्येक कड ५ पिकोसेकंदांनी सरकते व उच्चकाळात एकंदर १० पिकोसेकंदांचा, म्हणजे ३.२ टक्क्यांचा, फरक पडतो. कड दुप्पट उभी असती, तर तेवढ्याच सरकण्याने निम्माच फरक पडला असता. कड अगदी उभी असती, तर उंबरठा कोठेही नेऊन काहीच साधले नसते. म्हणून सुधारक टप्प्यापूर्वी कडा मुद्दाम थोड्या मंद कराव्या लागतात. मात्र मंद कडेस विद्युत् गोंगाटाचा उपद्रव अधिक होतो. २ मिलिव्होल्टचा गोंगाट वरील उतारास ०.१ पिकोसेकंदाची थरथर उत्पन्न करतो. उतार निम्मा केला, की थरथर दुप्पट होते. सुधारणेचा पल्ला व कडेची स्थिरता यांत अशी ओढाताण असून रचनाकाराला दोहोंतील मध्य साधावा लागतो.

७. ऋण प्रतिपोषण व लाभांक

प्रदानातील चूक मोजून ती आदानाकडे उलट्या दिशेने परतविणे या क्रियेस ऋण प्रतिपोषण म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक यास ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत सुचली व त्याने ती हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेवली. दूरध्वनीच्या विवर्धकांतील विकृती घटविण्यासाठी जन्मलेली ही कल्पना कालसंकेताच्या समतोलासही तितकीच उपयोगी पडते.

वरील आकडेच पुढे चालवून पाहता येतील. उंबरठा १ मिलिव्होल्टने सरकविल्यास ड्यूटी सायकल ०.०३२ टक्क्यांनी बदलते. १ टक्का बदलास मापनात २२ मिलिव्होल्ट मिळत असल्यामुळे ०.०३२ टक्क्यांस ०.७ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे मध्ये विवर्धक न घालता मापनाचे प्रदान सरळ सुधारकास जोडले, तर संपूर्ण फेऱ्याचा लाभांक केवळ ०.७ येतो. ऋण प्रतिपोषणात मूळ चूक ‘एक अधिक लाभांक’ या संख्येने भागली जाते. तेव्हा ५ टक्क्यांची चूक १.७ ने भागली जाऊन जवळजवळ ३ टक्के शिल्लक राहते. ही सुधारणा अगदीच तोकडी होय. चूक-दाबाच्या वाटेत ५० पट वाढ करणारा विवर्धक बसविला, तर लाभांक ३५ होतो आणि ५ टक्क्यांची चूक ३६ ने भागली जाऊन सुमारे ०.१४ टक्क्यावर येते. काळाच्या भाषेत ही चूक ०.४३ पिकोसेकंद आहे.

लाभांक वाढविताना फेऱ्याच्या स्थैर्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. फेऱ्यात विलंब असला, तर दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि मूळ चूक कमी होण्याऐवजी मंडलात आंदोलने सुरू होतात. हॅरी नायक्विस्टने १९३२ साली स्थैर्याची जी कसोटी दिली ती येथेही लागू पडते. व्यवहारात सरासरी काढणारी गाळणी ही फेऱ्यातील सर्वांत मंद घटक ठेवतात व इतर सर्व घटक तिच्यापेक्षा पुष्कळ जलद करतात. २ लक्ष ओहमचा रोधक व ५ पिकोफॅरडचे धारित्र घेतल्यास कालांक १ मायक्रोसेकंद, म्हणजे ३२०० आवर्तांइतका होतो. धारित्रावरील दाबात उरलेली लहर तेव्हा एक-दशांश मिलिव्होल्टहूनही कमी असते. फेरा पूर्ण केल्यावर सुधारणेचा कालांक ३६ पटींनी घटून सुमारे २८ नॅनोसेकंद, म्हणजे ९० आवर्तांच्या आसपास येतो. यंत्र झोपेतून जागे झाल्यावर समतोल स्थिर होण्यास याच्या काही पट काळ द्यावा लागतो. ही प्रतीक्षा नको असेल, तर सुधारणेचा आकडा अंकीय नोंदस्थानात साठवून ठेवतात. संकेत थांबला तरी आकडा टिकतो. मात्र आकड्याची वाढ पायरीपायरीने होत असल्यामुळे पायरीच्या निम्म्याइतकी चूक शिल्लक राहू शकते. डीडीआर-५ मानकात नोंदस्थानांतील आकड्यांनी ड्यूटी सायकल कमी-अधिक करण्याची जी सोय आहे ती याच जातीची होय.

८. तराजूची पारख

५० पट वाढीने चूक ०.१४ टक्क्यावर आली, तर ५०० पट वाढीने ती ०.०१४ टक्क्यावर यावी असे सहज वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे.

चूक मोजणाऱ्या विवर्धकाच्या दोन आदानांवरील ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसतात. त्यामुळे दोन्ही आदानांवर समान दाब असतानाही त्यास काही फरक भासतो. हा भास ५ मिलिव्होल्टचा असला, तर त्याचा अर्थ असा की दोन्ही सरासरींत ५ मिलिव्होल्टचे अंतर पडेपर्यंत विवर्धक समाधान पावत नाही. १ टक्क्यास २२ मिलिव्होल्ट या हिशोबाने ड्यूटी सायकल ०.२३ टक्क्याने, म्हणजे ०.७१ पिकोसेकंदाने, चुकीच्या जागी स्थिरावते. अपुऱ्या लाभांकामुळे राहिलेल्या चुकीपेक्षा ही चूक मोठी आहे. लाभांक वाढविल्याने ती रेसभरही कमी होत नाही, कारण फेरा निमूटपणे तीच चुकीची जागा अधिक निष्ठेने गाठतो. ज्याच्या काट्यातच खोट आहे अशा तराजूवर कितीही काळजीपूर्वक तोलले, तरी वजन खोटेच भरते.

म्हणून रचनाकाराचे खरे श्रम मापन करणाऱ्या जोडीच्या समतोलावर खर्च होतात. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील मार्सेल पेलग्रोम व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले, की शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांमधील यादृच्छिक भिन्नता त्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. भिन्नता निम्मी करावयाची तर क्षेत्रफळ चौपट करावे लागते. कालसंकेताच्या वाटेतील ट्रान्झिस्टर इतके मोठे करणे परवडत नाही, कारण त्यांची धारिता वाढून वेग मारला जातो. चूक मोजणाऱ्या विवर्धकास मात्र केवळ स्थिर दाब हाताळावयाचा असल्यामुळे त्याचे ट्रान्झिस्टर खुशाल मोठे करता येतात. मापनाचे काम मंद मंडलाकडे सोपविण्याचा लाभ येथे दुसऱ्यांदा पदरी पडतो.

याहून पुढे जावयाचे असेल, तर विवर्धकाची दोन्ही आदाने ठराविक काळाने परस्परांत बदलतात व त्याबरोबर प्रदानाची दिशाही बदलतात. एका वेळी खोट उजवीकडे झुकते, दुसऱ्या वेळी डावीकडे. सरासरीत ती नाहीशी होते. चतुर गिऱ्हाईक पारड्यांची अदलाबदल करून तराजूची पारख करते, त्यातलाच हा प्रकार होय. रोधक, धारित्रे व त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या यांचीही मांडणी दोन्ही बाजूंस सारखी ठेवणे अर्थातच आवश्यक आहे. मापनासाठी संकेत कोठून घ्यावयाचा हेही तितकेच महत्त्वाचे. सुधारकाच्या लगेच पुढून तो घेतला व त्यानंतर आणखी चार टप्पे राहिले, तर त्या चार टप्प्यांचा दोष मोजला जात नाही आणि म्हणून सुधारलाही जात नाही. जेथे संकेताचा उपयोग व्हावयाचा त्याच बिंदूवर मापन व्हावे, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे.

९. प्रयोगशाळेतील पडताळा

वरील तत्त्व पडताळून पाहण्यास पिकोसेकंदांच्या उपकरणांची आवश्यकता नाही. १९७२ पासून प्रचारात असलेल्या ५५५ या सुपरिचित कालमापक चिपच्या साहाय्याने १ किलोहर्ट्झच्या कंप्रतेस हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात करता येईल. तिच्या नेहमीच्या जोडणीत धारित्र दोन रोधकांतून भारित होते व एकाच रोधकातून रिते होते. त्यामुळे तिचे प्रदान स्वभावतःच असमतोल असते. दोन्ही रोधक समान घेतल्यास ड्यूटी सायकल ६६.७ टक्के येते. ५ व्होल्टचा पुरवठा असता धारित्रावरील दाब सुमारे १.६७ ते ३.३३ व्होल्ट या मर्यादांत सावकाश चढतो व उतरतो. मंद कडांचा संकेत अशा रीतीने आयताच मिळतो.

हा दाब एका बफर-विवर्धकातून तुलनाकारास द्यावा आणि तुलनाकाराचे प्रदान सीमॉस इन्व्हर्टरांतून पूर्ण ५ व्होल्टचे करून घ्यावे. या प्रदानाची सरासरी पुरवठ्याच्या निम्म्या दाबाशी ताडून पाहणारा एक समाकलक जोडावा व त्याचे प्रदान तुलनाकाराचा उंबरठा म्हणून परत द्यावे. दिशा बरोबर जुळली, की ड्यूटी सायकल आपोआप ६६.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांकडे येऊन स्थिरावते. समाकलकाचा स्थिर दाबासाठीचा लाभांक फार मोठा असल्यामुळे लाभांकाच्या अपुरेपणाने पडणारी चूक येथे नगण्य असते.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. निम्मा दाब मिळविण्यासाठी जे दोन समान रोधक वापरले असतील त्यांपैकी खालच्याऐवजी १ टक्का अधिक व वरच्याऐवजी १ टक्का कमी मूल्याचा रोधक घालावा. निम्मा दाब २.५ व्होल्टऐवजी २.५२५ व्होल्ट होईल आणि ड्यूटी सायकल निमूटपणे ५०.५ टक्क्यांवर जाऊन बसेल. आंदोलनदर्शकावर १००० मायक्रोसेकंदांच्या आवर्तात ५ मायक्रोसेकंदांचा हा फरक स्पष्ट दिसतो. त्यानंतर ५५५ चे रोधक बदलून मूळ संकेत ६० किंवा ७५ टक्क्यांचा करावा. प्रदानाची ड्यूटी सायकल ५०.५ वरून हलत नाही. मूळ संकेतातील मोठा दोष फेरा पूर्णपणे पुसून टाकतो. स्वतःच्या मापातील लहानशी खोट मात्र त्यास दिसत नाही व ती तो प्रदानावर जशीच्या तशी उमटवितो. १ किलोहर्ट्झला जे घडते तेच ३२०० मेगाहर्ट्झलाही घडते. सुधारक मंडलाची रचना करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून मापनाच्या जोडीपासून आरंभ करावा, आणि तिच्या समतोलाविषयी खात्री झाल्यावरच लाभांक, कालांक व सुधारणेचा पल्ला यांच्या हिशोबाकडे वळावे.